फिनिक्सच्या खजिन्याचा हिशेब

धनिकाने आपल्या संघासाठी मुक्तहस्ते द्रव्य वेचावे यात गैर काहीच नाही. किंबहुना फिनिक्स सन्स हा अमेरिकेतील बास्केटबॉल संघ २०२३ साली ताब्यात येताच त्याचे सामने स्थानिक दूरचित्रवाणीवर विनामूल्य दाखवण्याची व्यवस्था करणारे मॅट इश्बिया मला नफेखोर मालकांहून केव्हाही आदरणीय वाटतात. तथापि त्यांच्या कारभाराचा जमाखर्च तपासू लागले म्हणजे दिसते, की द्रव्याहून मोलाची एक वस्तू त्यांनी गमावली, आणि ती म्हणजे झालेली चूक दुरुस्त करण्याची मुभा.

१९६८ साली स्थापन झालेल्या या संघास विजेतेपद अद्याप एकदाही लाभलेले नाही. २०२१ साली तो अंतिम फेरीत पोहोचला, तो डेव्हिन बुकर, मिकल ब्रिजेस अशा, त्याने स्वतःच घडवलेल्या तरुणांच्या बळावर. पुढे केविन ड्युरांटसारखा थोर खेळाडू मिळवण्यासाठी इश्बियांनी ब्रिजेस व कॅमरॉन जॉन्सन तर दिलेच, शिवाय पहिल्या फेरीतील नवोदितांच्या निवडीचे चार हक्क बिनशर्त लिहून दिले. आणि २०२३ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनहून आणलेल्या ब्रॅडली बीलच्या, पाच वर्षांच्या व २५ कोटी डॉलरांच्या करारनाम्यात, त्याच्या संमतीवाचून त्यास अन्यत्र धाडता येऊ नये असे कलम होते.

नेमका त्याच वर्षी लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील नवा करार अमलात आला. संघाच्या एकूण वेतनावरील मर्यादेच्या बऱ्याच वर त्याने ‘सेकंड एप्रन’ नामक रेषा आखली; २०२४-२५ मध्ये ती सुमारे १८ कोटी ९० लाख डॉलरांवर होती. ती ओलांडणाऱ्या संघाची केवळ जादा वेतनावरील कर भरून सुटका होत नाही. दोन खेळाडूंचे वेतन एकत्र करून त्यांच्या बदल्यात एक मोठा खेळाडू घेण्यास त्याला मनाई होते. त्यामुळे बचाव दुबळा आहे हे हंगामाच्या मध्यावर उमगले, तरी उपाय करण्याचे मार्ग बव्हंशी बंद झालेले असतात.

सन्सने ती रेषा ओलांडली, आणि परिणाम व्हायचा तोच झाला. २०२४ च्या प्लेऑफमध्ये मिनेसोटाने सन्सला पहिल्याच फेरीत ४-० असे नमवले. २०२५ च्या जानेवारीत, वर्षाकाठी ५ कोटी डॉलर घेणारा बील सामन्याच्या आरंभी राखीव खेळाडूंच्या बाकावर बसू लागला. आणि वेतन व कर मिळून ३६ कोटी डॉलरांच्या घरात गेलेला तो संघ ३६ विजय व ४६ पराभव पदरी घेऊन प्लेऑफबाहेर राहिला.

याउलट, त्याच वर्षी विजेते ठरलेल्या ओक्लाहोमा सिटीने २०१९ साली पॉल जॉर्ज या नामवंत खेळाडूला दुसऱ्या संघाकडे सोडताना तरुण शाई गिलजस-अलेक्झांडर आणि निवडीचे अनेक हक्क मिळवले होते. त्यांतील एका हक्कातून पुढे जेलन विल्यम्स आला. विजयानंतर त्या दोघांना त्यांनी भरघोस रकमेचे करार दिले, पण ते पारख झाल्यावर. पैसा आधी ओतून पारख मागाहून करण्याची फिनिक्सची रीत मला म्हणूनच मुळात चुकीची वाटते.

आता ड्युरांट ह्यूस्टनला गेला आहे, आणि करारातून मुक्त केलेल्या बीलपायी दरसाल १ कोटी ९० लाख डॉलरांहून अधिक बोजा संघाच्या वेतनखाती पडतो. तो बोजा २०३० साली फिटेल; बुकरच्या वाढीव कराराची मुदतही त्याच साली संपते. तोवर इश्बियांनी नवे बडे नाव विकत घेण्याचा मोह आवरावा आणि हाती उरलेल्या तरुणांना मैदानावर पुरेसा वेळ द्यावा, एवढीच त्यांच्या चाहत्यांची रास्त मागणी असली पाहिजे.