गोळी खोटी निघाली, अहवालाला नऊ महिने लागले!

मार्च २०२३ मध्ये कळमेश्वरच्या सरकारी दवाखान्यातून सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचा नमुना घेतला गेला आणि मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेत पाठवला गेला. अहवाल आला डिसेंबरमध्ये. गोळीत औषधच नव्हते! पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने नागपुरात मेयोच्या भांडारातून अशा २१,६०० गोळ्या जप्त केल्या. वेष्टनावर गुजरातच्या ज्या कंपनीचे नाव होते, ती कंपनीच अस्तित्वात नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये दाखल झालेल्या आरोपपत्रानुसार या गोळ्या म्हणजे टाल्कम पावडर आणि स्टार्च.

त्या नऊ महिन्यांत सरकारी दवाखान्यांच्या रांगेत कोण उभे होते, हे सांगायला चौकशी आयोग नको. ज्याच्या खिशात पैसा आहे तो धंतोली-रामदासपेठेत जातो. मेयोच्या रांगेत आमची माणसे असतात. त्यांना ताप उतरला नाही की डॉक्टर डोस वाढवतात आणि दोष रुग्णाच्या नशिबाला जातो.

विज्ञान तोकडे पडले, असे कोणी म्हणू नये. आज आयन मोबिलिटी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या दोन तंत्रांची जोडी औषधाची ओळख पटवते. गोळीच्या अंशाला विद्युतभार देऊन त्याचे आयन करायचे आणि वायू भरलेल्या नळीतून विद्युतक्षेत्राने ओढायचे. आटोपशीर आकाराचा आयन लवकर पोचतो, पसरट आयन वायूच्या रेणूंवर आदळत मागे राहतो. हा फरक मिलिसेकंदांचा असतो. मग दुसरे यंत्र त्याचे वस्तुमान मोजते. दोन रसायनांचे वजन तंतोतंत सारखे असले तर निव्वळ वजनकाटा फसतो, पण घडण वेगळी असेल तर नळीतला वेळ बहुधा त्यांना वेगळे पाडतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या आयनाचा आकडा ३३२. गोळीत औषध असेल तर त्या जागी शिखर उठते. टाल्कम असेल तर तिथे शुकशुकाट!

विमानतळावर प्रवाशाच्या बॅगेवर पट्टी फिरवून स्फोटके हुडकणारी अनेक यंत्रे याच आयन मोबिलिटीवर चालतात, आणि काही सेकंदांत उत्तर देतात. विमानात बसणाऱ्याच्या बॅगेला हे भाग्य आहे. कळमेश्वरच्या बाईच्या तोंडात जाणाऱ्या गोळीला ते का नसावे?

वकील म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. असे छोटे यंत्र संशय दाखवते, औषधाची नेमकी मात्रा सांगत नाही. न्यायालयात चालतो तो सरकारी विश्लेषकाचाच अहवाल. पण साठा रोखून ठेवायला संशय पुरतो. नऊ महिने थांबायचे कारण नव्हते.

आणि दरवेळी महागडे यंत्रच हवे असेही नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने चौदा रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. विष होते डायइथिलीन ग्लायकॉल. २०२५ मध्ये तेच विष 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या औषधातून आले. छिंदवाड्याची लेकरे मूत्रपिंडे निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत आली आणि कित्येक परत गेली नाहीत. मर्यादा ०.१ टक्का, औषधात निघाले ४८.६ टक्के. तामिळनाडूच्या प्रयोगशाळेने हे दोनेक दिवसांत शोधले. म्हणजे मनात आणले तर अहवाल लवकर येतो!

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० चे कलम २६ आमच्या कार्यकर्त्यांनी वाचावे. शुल्क भरून कोणीही नागरिक औषध सरकारी विश्लेषकाकडे तपासणीला देऊ शकतो. मात्र त्यात शब्द आहे 'खरेदी केलेले'. सरकारी दवाखान्यात फुकट मिळालेली गोळी रुग्णाने खरेदी केलेली नसते. ज्याला तपासणीची सर्वात जास्त गरज, त्यालाच कायद्याच्या अक्षराने दाराबाहेर ठेवले आहे. घटनेच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे कर्तव्य ठरवले, त्या राज्याला ही फट दिसत नाही काय?

हा शब्द बदलावा, यासाठी विदर्भातल्या आमदार-खासदारांना निवेदने गेली पाहिजेत. सरकारी भांडारात आलेल्या प्रत्येक बॅचचा नमुना वाटपापूर्वी तपासावा, आणि अहवालाची तारीख औषध खिडकीवर लावावी, ही मागणी मेयो आणि मेडिकलच्या अधिष्ठात्यांकडे लेखी द्यावी. पोच घ्यायला विसरू नये.