सवय झाली, हीच तर पंचाईत

कमरेला पिस्तूल लावून पहिल्यांदाच घराबाहेर पडणाऱ्या माणसाला अमेरिकेत सगळीकडून एकच दिलासा मिळतो. थोडे दिवस अवघडल्यासारखं होईल, मग सवय होईल, आणि पुढे पुढे ते अंगावर आहे हेही तुमच्या लक्षात राहणार नाही. बंदुकीच्या दुकानातला विक्रेता हेच सांगतो, वर्ग घेणारा प्रशिक्षक हेच सांगतो, आणि जुना जाणता मित्र पाठीवर थाप मारून पुन्हा तेच ऐकवतो. घड्याळ, पाकीट, किल्ल्या, पिस्तूल, झालं! या दिलाशाचा पूर्वार्ध मला मान्य आहे. उत्तरार्ध मात्र घातक वाटतो.

हा वाद आता आपल्याही उंबरठ्यावर आला आहे. २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कचा शतकभर जुना निर्बंध रद्द केला. ‘बंदूक बाळगण्याचं खास कारण दाखवा’ ही अट गेली आणि शेजारच्या न्यू जर्सीलाही तशीच अट सोडावी लागली. त्यामुळे तिथल्या एडिसनमधल्या मराठी गृहस्थालाही आता पिस्तूल बाळगायचा परवाना मागता येतो. एच-१बी व्हिसावर असताना मात्र फेडरल कायदा त्याला बंदूक जवळ ठेवूच देत नाही, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. ग्रीन कार्ड आलं की ती आडकाठी दूर होते. टेक्सासनं तर सप्टेंबर २०२१ पासून परवान्याचीच सक्ती काढून टाकली, आणि २०२४ पर्यंत अशा राज्यांची संख्या २९ झाली. थोडक्यात, पिस्तूल घेऊन पहिल्यांदा किराणा आणायला निघालेला माणूस आपल्या ओळखीतलाही असू शकतो.

त्या माणसाला नेमकं काय होतं? सगळं दुकान आपल्या कमरेकडेच बघतंय असं त्याला वाटतं. कपड्यातून पिस्तुलाचा आकार उमटण्याला तिथं ‘प्रिंटिंग’ म्हणतात. त्या धास्तीनं तो दर दोन मिनिटांनी शर्ट खाली ओढतो. वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उंच करत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी मिठी मारायला आलं की अंग चोरतो. (झब्ब्याखाली काहीही लपतं, हा आपल्या पोशाखाचा आजवर कुणी न गायलेला गुण. पण गरजेला तोच झब्बा हातात गुंततो.) खरं तर त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, लोक आपापल्या फोनमध्ये बुडालेले असतात. लक्ष जातं ते त्याच्या सारख्या चाळवणाऱ्या हाताकडे.

हे अवघडलेपण जायलाच हवं, आणि त्याचे उपायही साधे आहेत. एक जाड, ताठ पट्टा हवा. चाप पूर्ण झाकणारं, कायडेक्ससारख्या कडक प्लास्टिकचं होल्स्टर हवं, कारण ग्लॉकसारख्या पिस्तुलांना अंगठ्यानं सरकवायचा सेफ्टीचा खटका नसतो आणि तिथं होल्स्टर हेच चापाचं खरं संरक्षण असतं. जाणते लोक नवख्याला आणखी एक युक्ती सांगतात. सुरुवातीला काडतुसं काढून, चेंबर रिकामं आहे याची खात्री करून पिस्तूल कॉक करायचं आणि काही दिवस घरातच लावून वावरायचं. उठायचं, बसायचं, वाकायचं, झाडू मारायचा, आणि रात्री बघायचं की चाप जागेवर आहे का. आहे म्हटल्यावर मनातला एक बागुलबुवा गळून पडतो. इथपर्यंत मी दिलासा देणाऱ्यांच्या बाजूचा.

पण ‘अंगावर आहे हेच विसराल’ हे यशाचं लक्षण कसं? अमेरिकेच्या विमानतळांवरच्या सुरक्षातपासणीत २०२३ साली ६,७३७ बंदुका पकडल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे ९३ टक्के भरलेल्या होत्या. हे काही विमान पळवायला निघालेले लोक नव्हते. तपासनीसांना सर्वांत जास्त ऐकू येणारी सबब एकच असते: बॅगेत आहे हे विसरलोच! सवय झालेल्या माणसांची ही यादी आहे, नवख्यांची नव्हे. नवखा तर विमानतळाच्या आधीच्या चौकातच घामाघूम झाला असता.

डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावी वॉलमार्टमध्ये घडलेली घटना याहून भयंकर आहे. तिथं खरेदीला आलेल्या एका तरुण आईच्या पर्समध्ये पिस्तूल होतं. पर्सला त्यासाठी वेगळा, चेनचा कप्पा होता. बाई परवानाधारक, बंदुकीला सरावलेली. शेजारी ट्रॉलीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाचा हात त्या कप्प्यात गेला आणि गोळी आईला लागली. ती जागीच गेली. तिच्या अंगी सरावाची कमतरता होती असं कुणी म्हणू शकणार नाही. म्हणूनच घड्याळ-पाकिटाची उपमा मला सहन होत नाही. पाकीट विसरलं तर उधारी होते, एवढंच.

आता दुसऱ्या बाजूची झाडाझडती. आपल्याकडच्या सुशिक्षित बैठकीत हा विषय निघाला की एक ठरलेलं वाक्य येतं: पिस्तूल बाळगतो तो भित्रा नाहीतर माथेफिरू. हे बोलायला सोपं आहे. २९ डिसेंबर २०१९ रोजी टेक्सासमधल्या व्हाइट सेटलमेंट गावच्या चर्चमध्ये बंदूकधाऱ्यानं दोघांना मारलं तेव्हा तिथंच असलेल्या जॅक विल्सन या माणसानं त्याला एका गोळीत संपवलं. सगळा प्रकार सहा सेकंदांचा. जुलै २०२२ मध्ये इंडियानातल्या ग्रीनवुडच्या मॉलमध्ये एलायशा डिकन या २२ वर्षांच्या मुलानं हल्लेखोराला १५ सेकंदांत पाडलं. त्याचं ना लष्करी प्रशिक्षण झालेलं, ना पोलिसी. ही माणसं भित्रीही नव्हती आणि माथेफिरूही नव्हती. त्या दिवशी चर्चमध्ये किंवा मॉलमध्ये ज्यांची मुलं होती त्यांच्यासमोर आपलं ते वाक्य उच्चारून बघावं.

मात्र या दोन प्रसंगांवरून प्रत्येक कमरेला एक डिकन लटकतोय असा निष्कर्ष काढणारे वकीलही तितकेच थापाडे. ८ जानेवारी २०११ रोजी अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये काँग्रेस सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर हल्ला झाला तेव्हा जो झमुडिओ हा तरुण शेजारच्या दुकानातून धावत आला. खिशातल्या पिस्तुलावर हात, सेफ्टी काढलेली. समोर एका माणसाच्या हातात बंदूक दिसली. झमुडिओनं आपलं पिस्तूल बाहेर काढलं नाही, त्या माणसाचं मनगट धरून त्याला भिंतीकडे रेटलं. तो हल्लेखोर नव्हताच. हल्लेखोराच्या हातून बंदूक हिसकावणाऱ्यांच्या बाजूचा तो माणूस होता. आपण नशीबवान ठरलो, असंच झमुडिओ पुढे सांगत राहिला. जून २०२१ मध्ये कोलोरॅडोतल्या अरवाडात जॉनी हर्लीला हे नशीब लाभलं नाही. त्यानं एका पोलिसाच्या खुन्याला गोळी घातली, त्याची रायफल ताब्यात घेतली, आणि नंतर आलेल्या पोलिसानं हातात रायफल बघून हर्लीलाच ठार केलं.

झमुडिओचा हात ज्यानं रोखला ते मला टिकवायचं आहे. आपण चूक करू शकतो, आपल्याला कुणीतरी चुकीचं समजू शकतं, ही बोचणी. हात, पट्टा, होल्स्टर यांना सवय लागू दे, मनाला नको. आणि ती बोचणी रोजच्या फुटकळ प्रसंगांत सर्वांत जास्त उपयोगी पडते. हायवेवर कुणी मध्ये गाडी घुसवून बोट दाखवतं. बिनपिस्तुलाचा माणूस काच खाली करून दोन शिव्या हासडेल आणि विसरेल. पिस्तूलधाऱ्याला ती चैन परवडत नाही. त्याची प्रत्येक बाचाबाची ही पिस्तूल असलेली बाचाबाची असते. त्यानं माघार घ्यायची, चूक नसताना माफी मागायची, ज्या पार्टीत ग्लास हातात येणार तिथं हत्यार न्यायचंच नाही. टेक्सासमध्ये ज्या बारची निम्म्याहून अधिक कमाई दारूची, त्याच्या दारावर लाल अक्षरांत ‘५१%’ लिहिलेलं असतं. तिथं पिस्तूल नेणं गुन्हा आहे. आणि सावळ्या कातडीच्या माणसानं फिलांडो कॅस्टिलचं नावही लक्षात ठेवावं. २०१६ साली मिनेसोटात पोलिसानं गाडी थांबवली तेव्हा त्यानं जवळ बंदूक असल्याचं शांतपणे, आपण होऊन सांगितलं. परवाना होता. पोलिसानं सात गोळ्या झाडल्या, आणि पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला.

एवढी कटकट असेल तर बाळगायचंच कशाला, असं कुणी विचारील. काहींचं उत्तर ‘नकोच’ असं येईल आणि त्यात कमीपणा नाही. ज्यांचं ‘हवंच’ असं येईल त्यांनी कायद्याच्या किमान अपेक्षेवर विसंबू नये. न्यूयॉर्क आता १६ तासांचा वर्ग आणि २ तासांचा प्रत्यक्ष गोळीबार मागतं. टेक्सासमध्ये परवाना हवाच असेल तर कागदी लक्ष्यावर ५० गोळ्या झाडून दाखवायच्या, त्याही जास्तीत जास्त १५ यार्डांवरून. होल्स्टरमधून पिस्तूल काढून दाखवावं लागत नाही. आणि परवानाच नको असेल तर तेवढंही नाही.