ढगाचे बी

हवा बाष्पाने संपृक्त झाली की त्या बाष्पाचे थेंब होतात, असे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. विधान खोटे नाही. पण अपुरे आहे. थेंबाला जन्म घेण्यासाठी आधार लागतो, हे त्यात राहून जाते.

स्कॉटलंडच्या जॉन एटकेन यांनी १८८० च्या सुमारास दोन काचपात्रांत वाफ सोडली. एकात साधी हवा होती, दुसऱ्यात कापसातून गाळलेली. पहिल्यात धुके दाटले. दुसरे पात्र स्वच्छच राहिले.

असे का व्हावे? सपाट पाण्यावरच्या रेणूला भोवतालचे रेणू धरून ठेवतात. थेंब जितका लहान, तितका त्याचा पृष्ठभाग अधिक वक्र. धरणारे शेजारी कमी, आणि निसटणे सोपे. येणाऱ्या रेणूंपेक्षा जाणारेच अधिक झाले की थेंब विरून जातो. याचे गणित पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेल्या विल्यम थॉमसन यांनी १८७१ साली मांडले. सेंटिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतक्या त्रिज्येचा शुद्ध थेंब टिकायला सुमारे ११२ टक्के सापेक्ष आर्द्रता लागते. ढगात ती १०१ टक्क्यांपुढे क्वचितच जाते. म्हणून निसर्ग मिठाच्या किंवा धुळीच्या कणावर थेंबाचा संसार मांडतो. कण मुळातच मोठा असल्याने वक्रता कमी होते, आणि विरघळलेले मीठ रेणूंना निसटू देत नाही.

मग कण जितके अधिक, तितका पाऊस अधिक? तसे नाही. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. एका वाफ्यात पोतेभर बी ओतले तर सारी रोपे खुरटतात. तसेच धुराने असंख्य कण पुरवले की तेवढेच पाणी असंख्य वाटेकऱ्यांत वाटले जाते. थेंब इवलेसे राहतात, एकमेकांवर आदळून मोठे होत नाहीत, आणि विशेषतः उथळ ढग न बरसताच निघून जातात.

पर्जन्यछायेतील सोलापूर परिसरात २०१८ व २०१९ साली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ढगांत कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडण्याचे प्रयोग केले, ते बी निवडून पेरण्याचेच. आपल्या चुली, भट्ट्या आणि वाहने मात्र रोज न निवडता पेरीत असतात. आभाळाकडे डोळे लावणाऱ्यांनी आपल्या धुराड्यांकडेही एकदा पाहावे, एवढेच आमचे सांगणे.