एसीच्या दोन युनिटांची कट्टी

भगिनींनो, उन्हाळा तापला की आपल्या बीडमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीखालच्या खोलीत दुपारी बसवत नाही. म्हणून पैसे साठवून एसी घ्यावा, तर ऐन वैशाखात तो रुसून बसतो! आतल्या युनिटचा पंखा फिरतो, पण वारा साधाच. गच्चीवरचं युनिट ढिम्म. समोर एखादं अक्षर आणि आकडा लुकलुकतो. मेकॅनिक येतो आणि म्हणतो, "ताई, कार्ड गेलं." हा खर्च हजारांतला असतो बरं का! होकार देण्यापूर्वी जरा थांबा.

इन्व्हर्टर एसीत आतलं युनिट खोली किती निवली ते पाहून बाहेरच्याला निरोप धाडतं, 'जोर वाढव', 'आता सावकाश'. बाहेरचंही उत्तर देतं. हे बोलणं दोन्ही युनिटांमधल्या वायरीतून चालतं. ते थांबलं की झाली कट्टी! एलजीवर 'सीएच ०५', डायकिनवर 'यू ४' येतो तो याचसाठी. प्रत्येक कंपनीची खूण निराळी, म्हणून एसीबरोबरचं पुस्तक रद्दीत घालू नका.

आता कट्टी झाली म्हणजे दोघांपैकी एक मुका झालाच, असं नाही. मधली वायरही तुटलेली असू शकते, आणि वायर कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त.

तुम्ही काय करावं? रिमोटने एसी बंद करा, मग एमसीबी खाली पाडा. दहा मिनिटांनी पुन्हा चालू करा. वीज गेली-आली की कधी कधी एवढ्यानेच काम भागतं. बाहेरच्या युनिटचा एमसीबी वेगळा असेल तर तो पडलाय का, तेही बघा. मग लांबूनच वायरीवर नजर टाका. उन्हाने वरचं आवरण तडकतं, उंदीर-खारी कुरतडतात.

मेकॅनिकला काय सांगावं? आधी मधली वायर टोकापासून टोकापर्यंत तपासायला सांगा. वाटेत पिळून टेप गुंडाळलेला जोड असेल, तर पहिला संशय तिथेच घ्यायचा. पावसाचं पाणी शिरून तांब्यावर हिरवट गंज चढतो. शक्यतो बिनजोडाची अखंड वायर घाला. दोन्हीकडे वायरींचे क्रमांक जुळतात ना, स्क्रू घट्ट आहेत ना, अर्थिंग नीट आहे ना, व्होल्टेज पुरेसं आहे ना, हेही पाहायला सांगा. इतकं करूनही खूण गेली नाही, तर कार्डाचं बघू. आणि हो, वॉरंटीचा कागद आधी काढा!

काय करू नये? बाहेरच्या युनिटचं झाकण घरच्या कुणीही उघडू नये, यजमान कितीही हौशी असले तरी! वीज बंद केल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये काही वेळ जोरदार झटका देण्याइतकी वीज साठून राहते. ओल्या गच्चीवर तर जाऊच नका.

दुरुस्ती होईतो खिडकीला वाळ्याचा पडदा ओला करून लावा. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे खोली छान निवते. बदललेला सुटा भाग मात्र मेकॅनिककडून मागून घ्या, आणि बिलावर काय बदललं ते लिहून घ्यायला विसरू नका.