चूक सापडण्याचा आनंद

संगणकशास्त्राचा अभ्यास विद्यार्थ्याच्या संयमाची कसोटी पाहतो. पायथॉन या संगणकीय भाषेत आवश्यक तेथे एक अपूर्णविराम राहून गेला, तरी आज्ञावली चालत नाही. तासभराच्या शोधानंतर ती चूक सापडते आणि पडद्यावर अपेक्षित उत्तर उमटते, तेव्हाचा आनंद पाठांतराने मिळालेल्या गुणांत नाही. विद्यार्थ्याचे आडनाव वा गाव पाहून ते उत्तर बदलत नाही.

परंतु आर्वी, आष्टी, कारंजा परिसरातून मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलांची अडचण निराळी आहे. चूक दाखविणारा संदेश इंग्रजीत येतो. तो उमगला नाही, की मूल स्वतःलाच मंद समजू लागते. हे दुःख टाळता येण्याजोगे आहे. पायथॉनमध्ये चलांची नावे देवनागरीत देता येतात. २०२१ मध्ये पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचे मराठीतून शिक्षणही सुरू झाले. तरीही बहुतेक संदर्भग्रंथ इंग्रजीत आहेत. ती भाषा टाळून चालणार नाही. म्हणून शाळेने संकल्पना मराठीतून समजावाव्यात आणि ते इंग्रजी संदेश फळ्यावर लिहून एकेक उलगडून दाखवावेत. निवासी शाळेत सायंकाळचा अभ्यासतास असतोच. त्यातील अर्धा तास यासाठी द्यावा.