उरलेले आणि उष्टे



परवा संध्याकाळी वस्तीतल्या एक आक्का आमच्याकडे आल्या. त्यांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. तो फोनवर म्हणाला होता, "आई, गुरुवारच्या सणाची टर्की उरलीय. आज तिचा कॅसरोल करतोय." आक्कांचा चेहरा उतरलेला. "भाऊ, माझी आजेसासू येसकर पाळीला घरोघर भाकरी मागायची. ते सुटावं म्हणून पोराला शिकवलं. अन् ते तिकडं उरलेलं खातंय?"

आम्ही त्यांना समजावून सांगितले. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो. टर्की हा कोंबडीपेक्षा कितीतरी मोठा पक्षी. पाच-सहा किलोचा पक्षी एका जेवणात संपत नाही. मग पुढचे दोन-तीन दिवस गरीब-श्रीमंत सगळ्यांच्याच घरी त्याचे सूप, सँडविच किंवा कॅसरोल होते.

हाडावरचे मांस सोडवून बारीक तुकडे करतात. लोण्यावर दोन चमचे मैदा परतून त्यात दूध घालून दाटसर रस करतात. त्यात मांस, उकडलेल्या नूडल्स, वाटाणे, गाजर, मीठ, मिरी मिसळतात. वर चीज आणि पावाचा चुरा पसरून १८० अंशावर अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवतात. आपल्याकडे टर्की नको, ओव्हनही नको. नामकरणाची किंवा १४ एप्रिलची कोंबडी उरली, तर आले-लसूण, हिरवी मिरची घालून जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून मंद आचेवर हेच करता येते.

मात्र काळजी घ्यावी. शिजलेले मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे, तीन-चार दिवसांत संपवावे आणि खाताना आतपर्यंत कडकडीत गरम करावे. भात रात्रभर बाहेर राहिला, तर पुन्हा गरम करूनही त्यातले विष जात नाही. फ्रीज नसेल तर बेतानेच शिजवावे, जास्त झाले तर त्याच दिवशी शेजारी वाटून द्यावे.

आता आक्कांच्या दुःखाविषयी. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि दुसऱ्याचे उष्टे तुकडे सोडायला सांगितले. ते अन्न लाचारीचे होते. स्वतःच्या कमाईचे, स्वतःच्या भांड्यातले उरलेले अन्न जपून खाणे ही लाचारी नव्हे. ते फेकून देणे हाही काही स्वाभिमान नव्हे.

आक्कांना हे पटले. मग आम्ही विचारले, "आक्का, आपल्या घरी रात्रीचं उरलेलं सकाळी कोण खातं?"

आक्का थोडा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, "सून खाते. आधी मी खायचे."

वाचकहो, हा प्रश्न आमच्याही घराला लागू आहे. सभेत समतेवर बोलून आम्ही घरी येतो, गरम भाकरी आमच्या ताटात पडते आणि कालची भाजी चुलीपाशी बसलेलीच्या वाट्याला जाते. अमेरिकेतल्या त्या मुलाने कॅसरोल स्वतः केला आणि दोन मित्रांबरोबर वाटून खाल्ला. उरलेले अन्न सगळ्यांच्या ताटात सारखे पडले, तर ती काटकसर. रोज एकीच्याच ताटात पडले, तर महाडला सोडलेले उष्टे आपण आपल्याच घरात पुन्हा आणले, असे समजावे.