तलाव निसर्गाचे कीं माणसांचे?

भंडाऱ्यास ‘तलावांचा जिल्हा’ म्हटलें, कीं आमच्या भूगोलाचें काम संपतें. विद्यार्थ्यास वाटावें, वैनगंगेप्रमाणें हे तलावहि निसर्गानेंच दिले! वस्तुतः जुने तलाव बहुतांशीं मनुष्यनिर्मित आहेत. गोंड राजांच्या अमदानींत कोहळी शेतकऱ्यांनीं जमिनीचा उतार पारखून मातीच्या पाळी घातल्या. त्यांच्याच पाण्यावर इकडे धान व ऊंस पिकला. १९९९ सालीं गोंदिया जिल्ह्यांत गेलेला नवेगावचा बांधहि कोहळ्यांचीच करणी मानली जाते.

पुढें इंग्रजी राज्यांत हे तलाव मालगुजारांच्या ताब्यांत आले. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, हें इष्टच झालें; त्या सत्तेचे गोडवे गाण्याचें आम्हांस कारण नाहीं. परंतु तिच्याबरोबर तलाव सरकारजमा झाले आणि पाळ व गाळ यांची काळजी गांवाच्या हातून निसटून दप्तरांत जाऊन पडली.

यावर कोणी म्हणेल, गांवकरी आळशी झाले. आम्ही विचारतों, ज्यावर हक्क उरला नाहीं, त्यासाठीं कोण राबेल? गांवास पाण्याचा अधिकार द्या, दुरुस्तीचा पैसाहि द्या. मग जाब विचारा. आणि क्रमिक पुस्तकांत तलाव बांधणारांचें नांव आधीं घाला. पूर्वजांचें कर्तृत्व निसर्गाच्या खातीं मांडलें, तर वंशजांचा हक्क कोण मानणार?